आधी यादी, मग मतदान

प्रश्न : ‘आधी सुधारणा, मग निवडणूक’ ही खुर्चीला चिकटून राहायची सबबच नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुष्कळदा असते. पण बांगलादेश बघा. २२ जानेवारी २००७ला ठरलेली निवडणूक ऐनवेळी रद्द झाली, तेव्हा मतदारयादीत कोटीभराहून जास्त नावं फाजील होती. मी मास्तर असताना निवडणुकीची ड्युटी केलीय. केंद्रावरची निम्मी भांडणं यादीपायीच! बांगलादेशात मग लष्कराच्या मदतीनं आठ कोटींवर मतदारांची छायाचित्रांसह नवी यादी झाली, पारदर्शक मतपेट्या आल्या आणि २९ डिसेंबर २००८ला मतदान झालं. मात्र त्यापायी लोकांनी जवळपास दोन वर्षं आणीबाणी सोसली. यादीसाठी एवढी किंमत मला तरी जास्तच वाटते.