विचारा की ताईला : दहावीच्या वर्गातलं सुखदुःख

या महिन्यात आलेल्या पत्रांत चार पत्रं एकाच विषयाची निघाली, शाळेतल्या जुन्या वर्गाची. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची यात्रा, जवळ आला की बाहेरगावच्या सोलापूरकरांना गाव आठवतं, त्यामुळंही असेल. (मला पण आठवतं, आणि मी तर इथंच राहते.) म्हणून बाकीची पत्रं पुढच्या वेळी घेते, सासूची दोन आणि पार्किंगचं एक, त्यांनी रागवू नये.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची १९८६ ची दहावीची बॅच. ग्रुपवर ६१ जण आहोत, कोण चादरीच्या धंद्यात, कोण अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, कोण पुण्यात पोरांकडं. मी ॲडमिन, म्हणजे मला कोणी निवडलं नाही, गेट-टुगेदरला माझ्या एकट्याच्या फोनला चार्जिंग होतं म्हणून ग्रुप मी काढला. तर दिवाळीनंतर आमच्यातला एक जण पहाटे अटॅकनं गेला. त्याच्या शेजारी राहणाऱ्या आमच्याच एका मित्रानं सात वाजता ग्रुपवर फोटो टाकून भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं, साडेसातपर्यंत चाळीस जणांचे हात जोडून झाले, तिघांनी तर स्टेटसला ठेवलं. त्याची मुलगी पुण्यात नोकरीला, तिला घरच्यांनी ‘बाबा सिरियस आहेत, निघून ये’ एवढंच सांगून गाडीत बसायला लावलं होतं. वर्गातल्या एका मैत्रिणीचा नंबर तिच्या फोनमधे होता, भिगवणच्या पुढं तिला ते स्टेटस दिसलं. पोरगी बसमधे एकटी. आता तिची आई आमच्याशी नीट बोलत नाही आणि मला वाटतं त्यांचं बरोबरच आहे. त्याच दिवशी दुपारी एकानं नातवाच्या बारशाचे फोटो टाकले, त्याला दुसऱ्यानं झापलं, तर तो ग्रुप सोडूनच गेला. त्याच्या आधी एकदा तर आम्ही जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिलीय, वर्गात एकाच नावाचे दोघं होते, त्यातल्या ह्यानं स्वतःच खाली लिहिलं की ‘अबे मी नव्या पेठेत च्या प्यायलालोय’. आता नियम करावेत का, केले तर काय करावेत? सकाळी ग्रुप उघडायचीच भीती वाटते.
एक ॲडमिन, जुळे सोलापूर

ताई : भाऊ, बारशाचं नंतर बघू, आधी त्या पोरीचं. ‘सिरियस आहेत, निघून ये’ ह्याला आपल्याकडं कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. अडीचशे किलोमीटर माणूस धड यावा म्हणून घरदार, गल्ली, सगळे तोंड मिटून बसतात. तार होती तेव्हा तारेत पण हेच असायचं, फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली. माझे वडील मिलमधे होते, ते गेले तेव्हा भाऊ भिवंडीला लूमवर होता, त्याला तशीच तार गेली. तो सोलापूर स्टेशनला उतरला तर न्यायला चार माणसं उभी, एरवी त्याला न्यायला कोणी सायकल पण पाठवत नव्हतं, तिथंच त्याला कळलं. पण कळलं ते आपल्या माणसांच्या मधे उभं असताना, आणि लगेच कोणीतरी खांद्याला धरलं. तुमच्या मित्राच्या मुलीला ते मिळालं नाही, तिच्या आईचा राग त्याचा आहे. तुम्ही वाईट माणसं आहात असं ती म्हणत नसणार.

म्हणून नियम खूप करू नका, पाच-सहा कलमी नियमावली कोणी वाचत नाही, आपण शाळेत असताना पण वाचत नव्हतो. एकच करा. घरच्यांनी हो म्हणल्याशिवाय मरणाची बातमी ग्रुपवर येणार नाही, आणि स्टेटसला तर दुसऱ्या दिवसापर्यंत नाहीच. ज्याला आधी कळेल त्यानं तुम्हाला फोन करायचा, तुम्ही त्या घरच्या धावपळ करणाऱ्या माणसाला करायचा, दीर असेल, मेव्हणा असेल, बायकोला नाही करायचा. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या, बाहेरगावच्या सगळ्यांना कळलंय का, आणि मातीची वेळ काय. मग तुम्ही एकट्यानं लिहायचं, त्यात वडलांचं नाव आणि जुनी पेठ घालायची, म्हणजे नव्या पेठेत च्या पिणारा पुन्हा मरणार नाही. फोटो नको.

यात एक अडचण आहे ती सांगते. आपल्या वर्गांत सगळे होते, लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, सगळे. मुसलमान मित्राच्या घरात शक्य तेवढ्या लवकर, बहुतेक वेळा त्याच दिवशी दफन असतं, तिथं तुम्ही ग्रुपवर कधी टाकू ह्या विचारात बसलात तर जनाजा निघून जाईल. तेव्हा गावात असलेल्या आठ-दहा जणांना सरळ फोन लावा, ग्रुपवर नंतर टाका. आणि सगळ्यांना एकच फुलांचं फॉरवर्ड चिकटवू नका. लिंगायतांच्यात लिंगैक्य झाले म्हणतात, त्या घरातल्याला विचारलं तर तो सांगतो कसं लिहायचं ते, विचारलेलं कोणाला वाईट वाटत नाही. सगळ्यांच्यात तेरावा असतोच असं पण धरून चालू नका.

मेसेज टाकला की दिवसभरासाठी सेटिंग बदलून फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं ठेवा. साठ जोडलेले हात येणार नाहीत. ज्याला खरंच काही वाटतंय तो उठून त्या घरी जाईल, ज्याला जमणार नाही तो घरच्यांना फोन करेल, आणि ज्याला दोन्ही करायचं नाही त्याचे हात न आल्यानं कोणाचं काही अडत नाही. हे जरा कडक वाटेल पण माझं मत आहे.

बारसंवाल्याला झापलं ते चुकलं. आपल्याकडं वरात चाललेली असताना समोरून अंत्ययात्रा आली तर बँड थांबतो, माणसं बाजूला होतात, टोपी काढतात, प्रेत पुढं गेलं की बँड परत सुरू. वरात माघारी नेलेली मी तरी बघितली नाही. एक दिवस थांबायचं, दुसऱ्या दिवशी बारसं, पेढे, नातवाचे गाल सगळं येऊ द्या. पण त्याला परत बोलवायचं असलं तर लिंक पाठवू नका, घरी जा नाहीतर सात रस्त्याला च्याला बोलवा. पंचावन्न वर्षांचा माणूस रुसला की लिंकवर परत येत नाही.

आता त्या वहिनी. तिथं मेसेजमधे सॉरी चालणार नाही. तुम्ही आणि तो शेजारचा, दोघं जा आणि आमचं चुकलं म्हणा, फार स्पष्टीकरण देऊ नका, त्यानं फोटो का टाकला वगैरे त्यांना ऐकायचं नसतं. आणि जाताना वर्गातला बँकवाला बरोबर घ्या, प्रत्येक वर्गात एक असतोच. त्याला मित्राचं पासबुक बघू दे, मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कटलेले असले तर तो जीवनज्योती विमा आहे, दोन लाखांचा, नॉमिनीला मिळतो. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं, बँकेत कोणीतरी सही घेतलेली असते आणि माणूस विसरून गेलेला असतो. तो विमा वयाच्या ५५ पर्यंतच असतो आणि १९८६ ची दहावी म्हणजे तुम्ही सगळे त्या उंबऱ्यावरच, तेव्हा जन्मतारीख नीट बघा, उगाच त्यांना आशा लावू नका. तो नोकरीत असताना गेला आणि पीएफ कटत असला तर पीएफची रक्कम वेगळी, बायकोची पेन्शन वेगळी आणि पीएफबरोबरचा विमा वेगळा, तो विमा सात लाखांपर्यंत जातो. तिन्ही मागावे लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला लागते ती बहुतेक झालीच असेल, दाखल्याच्या मात्र जास्तीच्या प्रती काढून आणून द्या, जिथं जाल तिथं एक ठेवून घेतात. ही कामं करायला माणूस लागतो आणि वहिनींच्या घरी आता तोच नाही.

प्रश्न : ताई, मी शाळेतल्या मुलींच्या ग्रुपवर आहे, मागच्या वर्षी कोणीतरी नंबर शोधून मला घेतलं. दहावीनंतर माझं शिक्षण सुटलं, लगेच लग्न झालं. ग्रुपवर रोज कोणाच्या पोराचं पॅकेज, कोणाची सून, कोण अमेरिकेला चाललंय, मी सगळ्यांना अभिनंदन लिहिते आणि मला खरंच आनंद होतो, जळत नाही मी. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. ग्रुपवर कोणाला माहीत नाही. एकदा एकीनं विचारलं तुझा मुलगा काय करतो आता, तर मी लिहून गेले बरा आहे. आता सगळ्या जानेवारीत भेटायचं म्हणतायत. मी येणार नाही म्हणलं तर का म्हणून विचारतात. आई विड्या वळायची तेव्हा यातली एकजण आमच्या घरी येऊन माझ्याबरोबर पानं कापायची, तिला भेटावं असं फार वाटतं. पण तोंड कसं दाखवू, खोटं बोलून बसलेय.
अशोक चौकाकडची एक

ताई : अगं, तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नुसतं टेबलावर ठेवलं होतं.

आधी ते खोट्याचं डोक्यातून काढ. चाळीस बायका बघतायत, खाली हसणारी तोंडं पडतायत, तिथं आईला ते लिहायला बोट कसं उठेल. बरा आहे हे तू त्यांना टाळायला लिहिलंस, फसवायला नाही, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तुला कोणी विचारणार नाही की तू तसं का लिहिलंस, त्यांना आपण विचारलं ह्याचंच वाईट वाटेल.

ग्रुपवर सांगू नकोस. उत्तर तुझ्या पत्रातच आहे, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं तुझ्याबरोबर पानं कापणारी. तिला फोन कर, मेसेज नाही, आणि दुपारचा कर, घरात दोघी एकट्या असाल तेव्हाचा. तिला सांग. मग बाकीच्यांना भेटायच्या आधी तिनंच सांगायचं, एकेकीला, आणि तुला काय हवंय ते पण तिनंच सांगायचं. ते मात्र तू ठरव. काही आयांना विषय नकोच असतो, काहींना उलट, दोन वर्षांत कोणी पोराचं नाव घेतलेलं नसतं आणि कोणी घेतलं तर बरं वाटतं. मी एका मैत्रिणीच्या घरी वर्षभर जपून जपून बोलत राहिले, शेवटी तीच म्हणाली, तू त्याचा वाढदिवस पण विसरलीस का गं. मी विसरले नव्हते, घाबरले होते. तुझ्या मैत्रिणी पण तशाच घाबरतील, त्यांना माहीत नसतं म्हणून.

गेलीस आणि अर्ध्यात उठून यावंसं वाटलं तर उठून ये, ती पानं कापणारी तुझ्याबरोबर उठेल. आणि नाहीच जमलं तर दोघीच भेटा, तुझ्या घरी, चाळीसजणींना तोंड दाखवायचं कोणाचं देणं लागत नाहीस तू.

ग्रुपमधल्या बाकीच्या बायका हे वाचत असतील तर, मुलं काय करतात हा प्रश्न सगळ्यांना दिसेल असा विचारू नका. कुणाचं लग्न झालेलं नसतं, कुणाला मूल नसतं, कुणाचं बोलणं नसतं पोराशी, आणि हिच्यासारखी एखादी असते. तू कशी आहेस विचारा, मुलांचं सांगायचं असेल तर ती आपण होऊन सांगेल, सोलापूरच्या बायकांना सांगायला लावावं लागत नाही.

प्रश्न : गेलेल्या मित्राचा नंबर अजून ग्रुपवर आहे. दोघं म्हणतात काढा, दोघं म्हणतात राहू द्या, आठवण आहे. काय करावं?

ताई : घरच्यांना विचारा. फोन बऱ्याचदा बायको नाहीतर पोरगं वापरत असतं, त्याच फोनवर जुने फोटो असतात आणि तुम्ही काढलंत तर त्यांना तसा मेसेज दिसतो, अमुक यांनी काढून टाकलं म्हणून. ते कसं दिसतं बघा. पण फार वर्षं पण ठेवू नका. अकाउंट १२० दिवस वापरलं नाही की व्हॉट्सॲप सहसा आपण होऊन बंद करतं, आणि रिचार्ज थांबला की कंपनी तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते. मग ‘तुझी आठवण येते मित्रा’ असं तुम्ही त्या नंबरला पाठवता आणि तिकडून भलताच कोणी म्हणतो, कोण बोलतंय. आठवण ठेवायची असेल तर त्याचे शाळेतले फोटो एका ठिकाणी गोळा करून पोरांना द्या, बापाचा हाफपँटमधला फोटो त्यांच्याकडं नसतो.

प्रश्न : स्नेहमेळावा गड्ड्यात ठेवावा की मे महिन्यात? आमच्यात यावरून दोन पार्ट्या झाल्यात.

ताई : मे महिन्यात सोलापुरात? बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत? ज्यानं सुचवलं तो पुण्यात राहत असणार.

गड्ड्यातच ठेवा, पण यात्रेच्या मुख्य दिवसांत नको. भोगीला अक्षता, संक्रांतीला होम, दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम, नंदीध्वज निघाले की गावातले रस्ते बंद, आणि त्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात, बायकांना तर अजिबात निघता येत नाही. शिवाय १२ जानेवारीला इंग्रजांनी फाशी दिलेल्या आपल्या चार हुतात्म्यांचा दिवस, सकाळी चौकात कार्यक्रम असतो, जुने मास्तर तिथं भेटतील, त्यांना तिथंच आमंत्रण द्या, पत्रिका छापायचा खर्च वाचेल. दारूकाम झाल्यावरचा रविवार धरा. होम मैदानावर पाळणे तेव्हाही असतात, आणि बाहेरगावचे रात्रीच्या गाडीनं परत जाऊ शकतात. जेवणाला हॉटेलवाल्याकडून पनीर मागवू नका एवढी विनंती, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ठेवा, आणि चटणी जास्तीची करायला सांगा, पुण्याचे सगळे बांधून मागतात.