गोदावरीला ‘गंगा’ म्हणणे चूक आहे का?

प्रश्न : आमच्या सासूबाई रामकुंडावर जाताना नेहमी ‘गंगेवर जाऊन येते’ असे म्हणतात. मुलीने निबंधात ‘आमच्या गावातून गंगा वाहते’ असे लिहिले, तेव्हा शिक्षकांनी ते वाक्य चूक ठरवले. योग्य काय समजावे?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : भूगोलाच्या दृष्टीने शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे १४६५ किलोमीटर वाहत आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळणारी गोदावरी ही स्वतंत्र नदी आहे.

तरीही सासूबाईंच्या बोलण्याला मोठा आधार आहे. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्य सांगते की विंध्याच्या दक्षिणेला जी गंगा आहे तिला गौतमी, म्हणजेच गोदावरी, म्हणतात आणि उत्तरेला तीच भागीरथी होते. यातला ‘तीच’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ‘दक्षिणगंगा’ म्हणताना आपण बहुधा गोदावरीची गंगेशी तुलना करतो. पुराण मात्र तुलना करत नाही, ते एकाच गंगेचे दोन ओघ मानते. गोहत्येचा दोष लागलेल्या गौतम ऋषींनी शंकराची आराधना केली, त्याच्या जटेतली गंगा ब्रह्मगिरीवर उतरली आणि ती पुन्हा पुन्हा गुप्त होऊ लागल्यावर त्यांनी कुश नावाच्या दर्भाने तिला अडवले, ते स्थान म्हणजे कुशावर्त, अशी कथा आहे. ब्रह्मगिरीवरच्या एका तीर्थाचे नावही गंगाद्वारच आहे.

ही समजूत पोथीपुरती उरलेली नाही. नाशिकजवळचे गंगापूर, परभणी जिल्ह्यातले गंगाखेड आणि काठच्या मुलखाला मिळालेले ‘गंगथडी’ हे नाव तिचीच साक्ष देतात, आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले हे पाहायला निघालेला जुना नाशिककर आजही ‘गंगेला पूर आला’ असेच म्हणतो.

गुरू सिंह राशीत असताना भागीरथी गोदावरीच्या भेटीला येते, अशीही श्रद्धा आहे. रामकुंडाजवळचे गंगा-गोदावरी मंदिर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थातच उघडते. नदी एकच असेल तर भेट कोणाची, असे कोणी विचारील. परंतु या दोन्ही समजुती आपल्याकडे शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत.

मुलीने ‘नाशिककर जिला गंगा म्हणतात ती गोदावरी आमच्या गावातून वाहते’ असे लिहावे. सासूबाईंचे वाक्य मात्र आहे तसेच राहू द्यावे.