डीन कॉर्ल आणि वेन हेन्ली यांच्यात नक्की काय नातं होतं? हेन्ली भीतीपोटी साथ देत होता की पैशासाठी?

दोन्ही होतंच, पण मला विचाराल तर सगळ्यात घट्ट दोरी होती ती कॉर्लकडून शाबासकी मिळवायची. अमेरिकेतल्या ह्यूस्टनची केस आहे ही, १९७० ते ७३, सीरियल किलर कॉर्लने साथीदारांच्या मदतीने किमान २८ मुलं आणि तरुण मारले. हेन्ली भेटला तेव्हा साधारण १५ वर्षांचा, बाप मारकुटा आणि आईपासून वेगळा झालेला, याने शाळा सोडलेली, आणि समोर तिशीतला माणूस जो याला मोठ्यासारखं वागवतो, गाडीतून फिरवतो, दारू पाजतो. मग एक मुलगा आणला की २०० डॉलर असं आमिष. एकदा एक पोरगा आणून दिला की सुटका नाही, कारण आता तोही गुन्हेगार, सांगणार कोणाला? यालाच ग्रूमिंग म्हणतात आणि ते असंच पायरीपायरीने होतं. शेवटी ८ ऑगस्ट १९७३ ला १७ वर्षांच्या हेन्लीनेच कॉर्लला गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसांना फोन केला, पण नंतर तो असंही बोलला की मी त्याला किती नीट मारलं हे डीनलाच सांगता येत नाही याची खंत वाटते. म्हणजे बघा, मारल्यावरही शाबासकी त्याच्याचकडून हवी!

फक्त एक लक्षात ठेवा, कॉर्ल तिथेच मेला, त्यामुळे या नात्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बरंचसं हेन्ली आणि दुसरा साथीदार डेव्हिड ब्रूक्स यांच्याच तोंडून, आणि दोघांनाही स्वतःचा दोष कमी दाखवायचं कारण होतं. हेन्ली फसवला गेला हे खरं, पण त्याने आणलेली काही मुलं त्याचे स्वतःचे मित्र होते, हेही तितकंच खरं.