गोव्याला पहिल्यांदा जातोयस? बीच सोडून बघ जरा

अरे मस्त विचार आहे, फक्त तीन दिवसांत सगळा गोवा उरकायला जाऊ नको, सगळे नवखे हीच चूक करतात.

१) सकाळी लवकर ऊठ. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली बांधून पोंव पोंव हॉर्न वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोयी (गोव्याचा पाव) घे. वरून कोंडा लागलेली, आत पोकळ असते, आणि जवळच्या छोट्या हॉटेलात पातळ भाजीसोबत खा. हॉटेलचा बुफे ब्रेकफास्ट कशाला हवाय रे!

२) शुक्रवार मिळाला तर म्हापशाचा बाजार. चोरीस (गोव्याचं मसालेदार पोर्क सॉसेज) घे, खारवलेली मासळी घेतलीस तर मात्र दोन-तीन पिशव्यांत बांध (मी एकदा नाही बांधली, बॅगेतले सगळे कपडे गेले).

३) एक तियात्र, म्हणजे तिथलं कोकणी नाटक, बघच. कोकणी आहे म्हणून घाबरू नको, निम्मं तरी कळतं आपल्याला. मधेच पडदा पडतो आणि कोणीतरी येऊन कांतार (गाणं) म्हणतो, गोष्टीशी संबंध नसतो, राजकारण्यांना चिमटे असतात, तेव्हा आजूबाजूचे लोक कशावर हसतात ते बघ.

दुपारी १ ते ४ बरीच दुकानं बंद, तेव्हा जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर जा नाहीतर सरळ झोप काढ. मांडो (तिथला गाण्या-नाचाचा प्रकार), चर्चचं आर्किटेक्चर वगैरे पुढच्या खेपेला सांगतो.