रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, मग औषध आत्ताच का नाही?

प्रश्न: मॅडम, मला 37वा आठवडा चालूये, पहिलंच बाळंतपण. माहेरी सिन्नरला आलेय, नाव नाशिकच्या हॉस्पिटलात घातलंय. मागच्या आठवड्यात स्वॅब घेतला त्यात ग्रुप बी स्ट्रेप पॉझिटिव्ह आलं. डॉक्टर म्हणाले कळा सुरू झाल्या की शिरेतून औषध देऊ, आत्ता काही नको. आई म्हणते जंतू आहेत तर थांबायचं कशाला, आणि सासूबाईंच्या मते मी स्वच्छता पाळली नाही म्हणून झालं. झोप उडालीये. – एक वाचक, सिन्नर

उत्तर: अगं, आधी सासूबाईंचं. हा जंतू कितीतरी धडधाकट बायकांच्या आतड्यात नि योनीमार्गात गुपचूप राहतो, म्हणून तर स्वॅब दोन्हीकडून घेतात. अस्वच्छतेचा काही संबंध नाही, हे त्यांना वाचूनच दाखव.

आता आईंचा प्रश्न. आत्ता गोळ्या घेतल्या तर जंतू जातील, पण दोन-तीन आठवड्यांत आतड्यातून परत येतील, आणि बाळाला तो लागतो बाहेर येताना. म्हणून पेनिसिलिन कळा चालू असतानाच, दर 4 तासांनी, बाळ होईपर्यंत. पहिला डोस जन्माआधी निदान 4 तास जायला हवा, आणि तुझी खरी अडचण इथेच आहे कारण सिन्नरहून निघून नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलीस तर हे तास रस्त्यातच जातात. त्यामुळे कळा वाढायची वाट बघू नको, पाणी गेलं तर कळा नसल्या तरी लगेच निघ. रिपोर्टची झेरॉक्स फाइलमध्ये सगळ्यात वर लाव, रात्री ड्युटीवर तुझेच डॉक्टर असतील असं नाही. पेनिसिलिनने कधी पुरळ, सूज, धाप असं काही झालेलं असेल तर ते आत्ताच सांग, म्हणजे दुसरं औषध ठरवून ठेवता येतं.

ही तपासणी आपल्याकडे सगळ्यांची होत नाही. अमेरिकेत सरसकट करतात, ब्रिटनमध्ये नाही, तिथे ताप, अपुऱ्या दिवसांची डिलिव्हरी, आधीच्या बाळाला झालेला त्रास असं बघून ठरवतात. तेव्हा मैत्रिणीची केली नाही म्हणून तिला घाबरवू नको. आणि कळा किंवा पाणी जायच्या आत ठरवून सिझर झालं तर या जंतूसाठी वेगळं पेनिसिलिन लागत नाही, ऑपरेशनआधीचं नेहमीचं अँटिबायोटिक मात्र देतातच.

औषध न घेताही अशा आयांची बहुतेक बाळं ठणठणीत असतात, पण शंभरात एखाद-दुसरं फार आजारी पडतं, त्या एकासाठी हा खटाटोप. पहिले दोन दिवस बाळ दूध ओढत नसेल, कण्हत असेल, श्वास भराभर घेत असेल तर नर्सला लगेच हाक मार. अंगावर खुशाल पाज.