दार कोणासाठी लावलं होतं?

"ज्याची टिंगल केली तेच आता आवडते. मंग मी तेव्हा खोटा होतो का आता?" अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात माझ्या समुपदेशनाच्या कामात तरुण पोरापोरींकडून हा प्रश्न सारखा येतो. कोणाला भुलाबाईची गाणी पुन्हा म्हणावीशी वाटतात, कोणाला दंडार हे लोकनाट्य बघावंसं वाटतं. बहुतेकांचं अडतं ते खंजेरी भजनापाशी.

त्यातलाच एक, पुण्यात नोकरी करणारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वडील गावच्या भजन मंडळात खंजेरी वाजवतात. कॉलेजात असताना मित्र घरी आले तेव्हा हा सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाला होता, "बंद करा ना हे." आता गावच्या घरून काम करतो, आणि रात्री हेडफोन लावून तीच भजनं ऐकतो. मित्रांना कळलं तर गावंढळ म्हणतील, ही त्याची भीती.

मी म्हटलं, तुकडोजी महाराजांनी याच खंजेरीवर गावं जागी केली, १९४२ मध्ये तुरुंगवास भोगला. ती गावंढळ कशी? हे त्याला पटलं, पण चेहरा मोकळा झाला नाही.

पुढच्या भेटीत तो सहज बोलून गेला, "दार लावूनच आयकतो मी."

"हेडफोन असताना दार कशाला?"

"एखाद्या वेळी गुणगुणतो. बाबाले आयकू गेलं तं?"

मित्र तर पुण्यात होते. दार बाबांसाठी लागत होतं!

"त्यांनी ऐकलं तर काय होईल?"

बराच वेळ तो खाली पाहत राहिला. "खुशी होईन त्यायले. तेच तं सहन होत नाई, मॅडम."

तिथे मला गाठ दिसली. लाज भजनाची नव्हतीच. संगीत वाईट ठरवलं की त्या दिवशीचं बोलणं बरोबर ठरतं. ते आवडलं की आपण बापाला दुखावलं हे कबूल करावं लागतं. म्हणून कितीतरी माणसं नावड जपत बसतात. कान लहानपणीच तयार झालेला असतो, अडवतं ते मन.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार मानते. कृती चुकली असं जरूर म्हणावं, पण त्यावरून अख्ख्या माणसाला नालायक ठरवू नये. तो स्वतःला तसंच ठरवून बसला होता, आणि ते सुटायला वेळ लागला. ज्याची लाज वाटते ते लोकांसमोर करून पाहायला एलिस सांगत. मी त्याला एवढंच सांगितलं, की दार उघडं ठेव आणि बाबांना थाप शिकवायला सांग. माफी आधी नको. मुलगा रडून माफी मागू लागला की बापालाच त्याची समजूत काढावी लागते. शिकायला बसला की बापाला गुरूची जागा मिळते. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याची बोटं तीनदा दुरुस्त केली. माफी पुढे ओघात आली, आणि बाबा "बरं, आता ठेका धर" एवढंच म्हणाले. हा मार्ग सुचला याचं मला आजही समाधान आहे.

असा मुलगा तुमच्या घरात असेल तर "आता कसं आवडलं?" असं विचारू नका. तो प्रश्न त्याने स्वतःला शंभरदा विचारलेला असतो. भजनाचं ध्रुपद येत असेल तर त्याच्या मागे म्हणायला लागा.