सामाजिक चळवळीत विनाअट प्रेम हे मूल्य खरंच चालतं का, की नुसतं भाषणापुरतं?

चालतं, पण ते कोण कोणाला सांगतंय ते आधी बघा. मला हे ज्यांनी सांगितलं ते आमच्या मंडळाचे सर. नाशकात नदीकाठची एक वस्ती उठवायला निघाले होते, त्या केससाठी आम्ही दारोदार वर्गणी गोळा केली. हिशोब माझ्याकडे. तीन नंबरच्या पावतीपुस्तकातल्या चौदा पावत्या गायब, कार्बन कॉपीसकट! बैठकीत विचारलं तर सर शांतपणे म्हणाले, "ताई, चळवळ विनाअट प्रेमावर चालते, पावत्यांवर नाही." अकरा जणं बसलेले, एकानेही मान वर केली नाही, सगळे चहाच्या कपात बघत बसले. नंतर पुस्तकच "घरी राहिलं".

मी पंचवटीतली. काळाराम मंदिर घरापासून पाच मिनिटांवर. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांनी तिथं सत्याग्रह सुरू केला, रामनवमीच्या रथाच्या वेळी लोकांनी दगड खाल्ले, वर्षानुवर्षं वाट बघितली, दार काही उघडलं नाही, आणि मग ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. ह्याला कोणी द्वेष म्हणत असेल तर म्हणू दे. तिकडे मार्टिन ल्यूथर किंगही शत्रूवर प्रेम करा म्हणायचे, पण प्रेम करणं म्हणजे आवडणं नाही हेही सांगायचे, आणि अमेरिकेतल्या माँटगोमेरीत, बसमध्ये वेगळं बसवतात म्हणून, काळ्या लोकांनी ३८१ दिवस त्या बसमध्ये पाय ठेवला नाही.

खरं प्रेम मी बघितलं २०१८ च्या शेतकरी मोर्चात. नाशिकहून चालत मुंबईत पोचलेली माणसं, दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, पोरं रस्त्यात अडकू नयेत म्हणून झोप सोडून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाली. माझ्या शेजारी सुरगाण्याकडची एक आजी, तळपायाची साल निघालेली, वर चिंधी बांधलेली. म्हटलं आजी, टेम्पोत बसा. तर म्हणे, "टेम्पो आजाऱ्यांना राहू दे." प्रेम हा शब्द त्या रात्री कोणी काढला नाही.

तर तुम्ही कुठल्या संघटनेत जाणार असाल तर खुशाल जा, फक्त खजिनदार कोण ते पहिल्या दिवशी विचारा. सगळे तसे नसतात हां, आणि माइकसमोर उभं राहायला मला ह्याच सरांनी शिकवलं, तेही खरंय. रोज सकाळी त्यांचा फुलांचा मेसेज येतो अजून.

सर, वाचत असाल तर तीन नंबरचं पुस्तक अजून यायचंय.